अंगणवाडीतला वाचनकोपरा आणि पोळ्याचं मोठं पुस्तक: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१६ जून

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली एक अंगणवाडी. खोली १५ फूट बाय १२ फूट, दार पूर्वेला, एकच खिडकी आणि तीही दाराशेजारीच. हजेरीपटावर ३ ते ६ वयाची २६ मुलं, रोज येणारी १९ ते २२. घरी सगळे अहिराणी बोलतात, ताई मुलांशी प्रमाण मराठी बोलतात आणि मदतनीस मावशी अहिराणी. हे दोन्ही आवाज कामाचे आहेत, पुढे उपयोगी पडतील.

पुस्तकं आहेत, पण लोखंडी कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, कुलपात. कारण सरळ आहे: साहित्य फाटलं तर हिशेब ताईंना द्यावा लागतो. हा पेच सोडवल्याशिवाय कोपरा कितीही सजवला तरी महिन्याभरात पुस्तकं परत कपाटात जातात. म्हणून आज सगळ्यात आधी एक साधी वही सुरू केली. पुस्तकाचं नाव, कधी फाटलं, काय फाटलं, दुरुस्त केलं की बाद. पहिल्या पानावर ‘मुलांच्या वापराने पुस्तकं झिजणं अपेक्षित आहे’ असं लिहून त्याखाली मुख्यसेविकांची (ताईंच्या पर्यवेक्षिकांची) सही घेतली. या एका सहीने कुलूप उघडलं.

बसण्याची जागा ठरवली. वाचणाऱ्याची पाठ पश्चिमेच्या भिंतीला, मुलांची पाठ दाराकडे. सकाळचा उजेड मुलांच्या खांद्यावरून थेट पानावर पडतो. आजवर ताई दारापाशी बसायच्या, तेव्हा उजेड त्यांच्या मागून यायचा. पान काळं दिसायचं आणि मुलं डोळे बारीक करून बघायची. ‘लक्षच देत नाहीत’ या तक्रारीचा निम्मा भाग तिथे होता.

१९ जून

कपाटातली ४३ पुस्तकं काढून तीन ढीग केले.

पहिला ढीग: पानावर एक ते तीन ओळी, चित्र पानाचा मोठा भाग व्यापणारं, गोष्टीत काहीतरी पुन्हा पुन्हा येणारं. १४ निघाली. शब्द नसलेली दोन चित्रपुस्तकंही यातच. कपाटात ती ‘यात लिहिलेलंच नाही’ म्हणून मागे पडली होती, पण बोलतं करायला त्यांच्याइतकी चांगली पुस्तकं नाहीत.

दुसरा ढीग: मजकूर जास्त, चित्र बोलकं. ही वाचायची नाहीत, चित्रं दाखवत सांगायची. ११.

तिसरा ढीग: १८. अक्षरं गिरवायची पुस्तकं, सुविचार, बोधकथांचे दाट छापलेले संग्रह. ही कोपऱ्यात नकोत. अक्षरतक्त्याबद्दल एक सांगायला हवं. ‘अ अननसाचा’ म्हणताना इथल्या बहुतेक मुलांनी अननस पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी ते आवाजाचं पाठांतर होतं, शब्द होत नाही.

निवडताना जोडाक्षरांची भीती बाळगली नाही. हे वय ऐकण्याचं आहे. ‘गच्च’, ‘चिक्कार’, ‘धप्पकन’ हे शब्द मुलांना कानाने आवडतात. वाचता येण्याशी त्याचा अजून संबंध नाही.

भर म्हणून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून पहिल्या पातळीच्या सहा मराठी गोष्टी उतरवून छापल्या. त्या मुक्त परवान्यावर आहेत, छापायला आणि भाषांतर करायलाही मोकळीक आहे. मात्र लेखक-चित्रकारांच्या नावाचं शेवटचं पान काढून टाकायचं नाही. छपाई लेझरवर करून घ्यावी. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, आणि या वयात बोटं कायम ओलीच असतात.

२४ जून

पुस्तकं मांडायची सोय. दोरीवर चिमट्यांनी लटकवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. दिसायला छान, वापरायला वाईट. ३ वर्षांच्या मुलाला चिमटा दाबून उघडता येत नाही. मग ते पुस्तक ओढतं आणि पिना असलेलं मधलं पान निघून हातात येतं. त्याऐवजी खिशांचा पडदा शिवला.

जाड सुती कापड, रुंदी दीड मीटर, उंची एक मीटर. तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच खिसे, एक खिसा २८ सेंमी रुंद आणि १२ सेंमी खोल. खिसे पारदर्शक प्लास्टिकचे, जेवणाच्या टेबलावर अंथरतात त्याचेच. कापडी खिशात मुखपृष्ठाचा निम्मा भाग झाकला जातो. वाचता न येणारं मूल पुस्तक ओळखतं ते मुखपृष्ठावरून. तेच झाकलं तर निवड संपली.

शिवताना दोन अडचणी आल्या. प्लास्टिक मशीनच्या पायाला चिकटून पुढे सरकत नाही. वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायची आणि नंतर ती फाडून काढायची. टाका मोठा, ४ मिलिमीटरचा. पहिली ओळ बारीक टाक्यात शिवली होती, ती पोस्टाच्या तिकिटासारखी फाटत गेली.

वरच्या आणि खालच्या दुमडीत बांबूची काठी घातली, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने पडद्याला मध्ये झोळ येतो. खालची कड जमिनीपासून २० सेंमीवर. सगळ्यात वरचा खिसाही ३ वर्षांच्या मुलाच्या हाताला येतो. एका वेळी १५ पुस्तकं, दर सोमवारी फक्त चार बदलायची. सगळी बदलली की आवडतं पुस्तक शोधणारं मूल हिरमुसतं.

२ जुलै

वेळ ठरायला आठवडा गेला. आहार वाटपाच्या आधीचा अर्धा तास कागदावर मोकळा दिसतो, पण खिचडीचा वास आला की कुणाचं लक्ष पानावर नसतं. जेवणानंतर डुलक्या. आता सकाळी सव्वादहा: प्रार्थना आणि मोकळा खेळ झाल्यावर.

एका वेळी आठच मुलं, अर्धगोलात. बाकीची मावशींजवळ ठोकळे, माती, शंखशिंपल्यांत. २० मुलांसमोर लहान पुस्तक धरलं की मागच्या मुलांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. लहानांसाठी ५ ते ७ मिनिटं, मोठ्यांसाठी १२ पर्यंत. ताई पाटावर. खुर्चीवर बसलं की पान मुलांच्या डोक्यावरून जातं.

९ जुलै

एक पुस्तक पाच दिवस, हा क्रम पक्का केला.

पहिल्या दिवशी मुखपृष्ठ दाखवून सलग वाचन, मध्ये प्रश्न नाहीत. दुसऱ्या दिवशी चित्रांवर थांबत. तिसऱ्या दिवशी पुन्हा येणारी ओळ मुलांनी म्हणायची. चौथ्या दिवशी करून दाखवायचं. पाचव्या दिवशी पुस्तक मुलांच्या हातात, ‘वाच’ असं न सांगता.

तेच तेच वाचून मुलं कंटाळतील ही धास्ती मोठ्यांची असते. तिसऱ्या दिवसापासून पुढे काय येणार हे मुलाला माहीत असतं आणि माहीत असलेलं यायची वाट बघण्यात त्याला सुख असतं. नवे शब्दही चौथ्या-पाचव्या दिवशीच मुलांच्या तोंडून ऐकू आले, पहिल्या दिवशी एकही नाही.

प्रश्नांचं तंत्र संवादी वाचनाचं घेतलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८८ मध्ये मांडलं. पायऱ्या चार: विचारा, उत्तराला दाद द्या, त्यात भर घाला, भर घातलेलं मुलाकडून पुन्हा म्हणून घ्या. मूल म्हणालं, ‘कुत्रा.’ ताई: ‘हो, कुत्रा. ओला कुत्रा.’ मूल: ‘ओला कुत्रा.’ संपलं. इतकंच करायचं, पण दर पानावर नाही. एका वाचनात चार-पाच वेळा पुरे, नाहीतर गोष्ट तुटते.

विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. ताईंना हे सगळ्यात जड गेलं. दोन आकड्यांतच उत्तर त्या स्वतः देऊन टाकायच्या. ज्या मुली गप्प म्हणून ठरल्या होत्या त्यांपैकी दोघी चौथ्या-पाचव्या आकड्याला बोलल्या.

आणि ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न काढून टाकला. तो आला की मुलं ‘खोटं बोलू नये’ असं एकसुरात म्हणतात, गोष्टीत खोटं कुणी बोललेलं नसलं तरी. गोष्ट ऐकल्याचा मोबदला म्हणून मुलाकडून तात्पर्य वसूल करू नये.

१७ जुलै

भाषेबद्दल. चित्रातल्या माकडावर बोट ठेवून एका मुलाने मावशींना विचारलं, ‘हाई काय करी ऱ्हायनं?’ त्याच पानावर ताईंनी ‘हे काय करतंय?’ विचारलं तेव्हा तेच मूल गप्प होतं. प्रश्न तोच, भाषा वेगळी.

आजपासून वाटणी अशी: ओळ ताई वाचतील, पुस्तकात आहे तशी. चित्रावरचं बोलणं अहिराणीत, मावशी आणि मुलं. मुलाचं ‘शे’ दुरुस्त करून ‘आहे म्हण’ असं सांगायचं नाही. ताईंनी आपलं वाक्य प्रमाण मराठीत बोलावं, मूल दोन्ही ऐकतं आणि हळूहळू दोन्ही वापरतं. ३ ते ८ वयासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही घरच्या भाषेवरच भर आहे. आपल्याकडे तर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला हेच केलं: मुलांच्या अंगणात जायचं आणि तिथे जे आहे त्यातून शिकवायचं. मावशींना वाचनाच्या वेळी खोली झाडायला पाठवणं हा मोठा तोटा होता. तो आता थांबला.

३० जुलै

मोठं पुस्तक करायचं ठरलं. कल्पना न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डअवे यांची: आईच्या मांडीवर बसून मूल जसं पान बघतं, तसं सगळ्या वर्गाला एकदम बघता यावं म्हणून पुस्तकच मोठं करायचं. पोळा २२ ऑगस्टला आहे. पांझरा नदीवर बैल धुवायला नेतात तेव्हा निम्मी मुलं तिथेच असतात. विषय तोच घेतला.

मजकूर इथेच रचला. राजा नावाचा बैल.

राजा नदीवर निघाला.
कोण धरणार कासरा? मी, मी, मी!

मग पाठ कोण चोळणार, शिंगं कोण रंगवणार, गोंडे कोण बांधणार, झूल कोण घालणार, पुरणपोळी कोण देणार. सात पानं. ‘मी’ मुद्दाम निवडलं: अहिराणीतही मी आणि मराठीतही मी. दोन्ही घरचं.

६ ऑगस्ट

माप. २२ बाय २८ इंचाचा जाड कार्डशीट मधून कापला की दोन पानं मिळतात, प्रत्येकी २२ बाय १४ इंच, आडवी. सात पानं, दोन मुखपृष्ठं आणि एक सुटं: पाच शीट. खालची १३ सेंमीची पट्टी मजकुराला, वरचा भाग चित्राला.

अक्षराची उंची ३ सेंमी, दोन शिरोरेषांमध्ये ६ सेंमी अंतर. इंग्रजी मोठ्या पुस्तकांची मापं जशीच्या तशी घेता येत नाहीत. आपल्याकडे वर वेलांटी आणि खाली उकार असतो. पहिल्या कच्च्या पानावर साडेचार सेंमी अंतर ठेवलं होतं, तिथे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरला. शब्दांमध्ये दोन बोटं मावतील इतकी मोकळी जागा. ओळी पेन्सिलीने आखून, रुंद टोकाच्या पाण्याच्या मार्करने लिहायचं. पर्मनंट मार्कर मागच्या बाजूला उमटतो.

‘मी, मी, मी!’ दर पानावर त्याच जागी, उजवीकडे खाली, लाल रंगात. बाकी सगळं काळं.

चित्रं गेरू, हळद, कोळसा आणि पोस्टर रंगात. बैलाचं पहिलं चित्र मुलांना दाखवलं आणि मोठ्या मुलांनी ते नापास केलं. वशिंड नव्हतं. ‘हाऊ बैल नही शे.’ वेसणही नव्हती, मग कासरा बांधलाय कशाला? दोन्ही बरोबर. चित्र नव्याने काढलं, वशिंड, वेसण आणि गळ्यात घुंगरांचा पट्टा घालून. मुलांना माहीत असलेल्या गोष्टीचं चित्र चुकलं की ती पुस्तकावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून पक्कं करण्याआधी कच्चं चित्र मुलांपुढे ठेवावंच.

११ ऑगस्ट

बांधणी. दोन पानं पाठीला पाठ लावून चिकटवायला पातळ गोंद पूर्ण पसरला, तर कागद फुगला आणि वाळल्यावर पन्हाळीसारखा वाकला. दुसऱ्यांदा फक्त कडेने एक बोट रुंद पट्टीत घट्ट पांढरा गोंद लावला, वर पाट आणि पाण्याने भरलेली कळशी रात्रभर. सपाट निघालं. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर आणि झुरळं लागतात. बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद मिसळतात. ते विष आहे. ही मुलं पुस्तकाचा कोपरा तोंडात घालतात. खळ नको.

डाव्या कडेला आतून-बाहेरून कापडी चिकटपट्टी, मग कडेपासून २ सेंमी आत तीन भोकं, त्यांत सुती दोरीचे सैल फास. घट्ट बांधलं तर पान उलटत नाही आणि भोक फाटतं. कोपरे जुन्या रुपयाच्या नाण्याभोवती आखून गोल कापले. लॅमिनेशन केलं नाही: समोरून दाराचा उजेड येतो, चकाकीने मधलं चित्र दिसेनासं होतं.

१८ ऑगस्ट

पहिलं वाचन. मोठं पुस्तक असल्याने १६ मुलं एकदम बसली. पुस्तक विटांवर टेकवलेल्या फळीवर. पहिल्या दिवशी काठी वापरली नाही. दुसऱ्यापासून बांबूची बारीक काठी शब्दाखालून फिरवायची, अक्षर अक्षर टोचत नाही, पूर्ण शब्दाखालून एका ओघात. अक्षरावर थांबलं की आवाजही तुटतो आणि ‘का… स… रा’ ऐकून कुणालाच कासरा दिसत नाही.

तिसऱ्या पानापासूनच ‘मी, मी, मी!’ सगळ्यांचं.

शेवटचं पान असं आहे:

राजा दमला. राजा झोपला.
कोण झोपणार राजापाशी?

इथे लाल ‘मी’ लिहिलेलं नाही. कोपरा रिकामा. ताई थांबल्या, पाच आकडे झाले, सहा झाले. मग पुढच्या ओळीतल्या सगळ्यात लहान मुलीने, राजा जागा होईल म्हणून की काय, अगदी हळू म्हटलं, ‘मी.’ आणि मग बाकीच्यांनीही तसंच, कुजबुजत. या पानाला कोणतीही सूचना द्यायची नाही, असं वहीत लिहून ठेवलं.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा, आज खांदेमळणी. गावात बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावतात. पुस्तकात हे नाही, हे मुलांनीच दाखवून दिलं. जे सुटं पान उरलं होतं ते याच कामी आलं: ‘कोण मळणार खांदा?’ चित्र मोठ्या गटातल्या चौघांनी काढलं, मजकूर त्यांनी सांगितला तसा ताईंनी त्यांच्यासमोर लिहिला. आपलं बोललेलं कागदावर उतरतं आणि उद्या वाचलं तरी तेच निघतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसणं हा सगळ्या अक्षरओळखीचा पाया आहे. दोऱ्या सैल होत्या म्हणून पान आत घालता आलं.

२५ ऑगस्ट

तपासणी. लाल ‘मी’ वेगळ्या कागदावर काळ्या शाईत, मध्यभागी लिहून दाखवलं. बहुतेकांनी ओळखलं नाही. म्हणजे आतापर्यंत ओळख रंग आणि जागेवरून होती. हे अपयश नाही, हीच पहिली पायरी. पाच वर्षांपुढच्या तिघांनी काळं ‘मी’ ओळखलं आणि त्यांतल्या एकीने ते लहान पुस्तकातल्या ‘मीठ’ या शब्दात शोधून दाखवलं. तिला त्यापुढे ‘ठ’ शिकवायला बसायचं नाही. ती विचारेल तेव्हा सांगायचं.

१० सप्टेंबर

घरी पुस्तक. शनिवारी नेणे, सोमवारी आणणे. जुन्या साडीच्या पिशव्या, प्रत्येकीवर वेगळं चित्र: चंद्र, छत्री, मका. नोंदवहीत मुलाच्या नावासमोर तेच चित्र, म्हणजे मूल स्वतः खूण करतं.

पहिल्या आठवड्यात १२ गेली, १२ आली, सगळी कोरी करकरीत. कारण विचारल्यावर कळलं: खराब होईल म्हणून घरच्यांनी ती देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली होती. मुलाने हात लावलाच नाही. आता पिशवी देताना आई, आजी किंवा मोठी बहीण जी कुणी न्यायला येते तिला तिथेच एक पान उघडून दाखवायचं: वाचता येत नसलं तरी चालतं, चित्र बघून अहिराणीत सांगा, फाटलं तर आम्ही शिवू, पैसे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात दोन पुस्तकांवर तेलाचे डाग आले. म्हणजे वाचली गेली.

२३ सप्टेंबर

दुरुस्तीचा दिवस. पावसाळ्यात सात पुस्तकांच्या पिना गंजल्या. गंज पान खातो, म्हणून पिना काढून दोऱ्याने शिवली. गोधडीचा दोरा मेणबत्तीवर ओढून घ्यायचा. घडीवर तीन भोकं. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मग मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, मधल्यातून परत आत. आतल्या लांब धाग्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं घेऊन त्यावर गाठ. एका पुस्तकाला दहा मिनिटं.

फाटलेल्या पानाला साधी सेलोटेप लावू नये, वर्षात पिवळी पडून कडक होते. पातळ कागदाची पट्टी आणि पांढरा गोंद.

पडद्याच्या मागची भिंत ओलसर आहे. मागच्या दोन पुस्तकांवर बुरशीचे ठिपके. ती सावलीत, वाऱ्यावर, पानं पंख्यासारखी उघडून वाळवली आणि कोरड्या फडक्याने बाहेर नेऊन पुसली. उन्हात ठेवली तर मुखपृष्ठ वळतं. बांबू आणि भिंत यांच्यामध्ये दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे घालून पडदा तीन बोटं पुढे आणला.

‘राजाचा पोळा’ या आपल्या मोठ्या पुस्तकाचं पहिलं पान कासऱ्याच्या जागी बोटांनी घासून पांढरं पडलं आहे. तिथे रंग पुन्हा भरायचा, चित्र बदलायचं नाही. पुढचं मोठं पुस्तक बाजाराचं, भाजीच्या पाट्या आणि तराजू. कच्ची चित्रं ६ ऑक्टोबरला मुलांपुढे.